जमालपूरच्या पुढची गोष्ट

तुकाराम ओंबळे यांचं नाव आपण पोलीस म्हणून घेतो, आणि ते बरोबरच आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर ते मुंबई पोलिसांचे सहायक उपनिरीक्षक म्हणून उभे होते. पण आमच्या साताऱ्याकडं त्यांची ओळख सांगताना माणसं आणखी थोडी मागं जातात. जावळी तालुक्यातल्या केडंब्याचा हा माणूस आधी फौजेत होता. सिग्नल कोअरमध्ये नायक होता. तिथून निवृत्त होऊन 1991 मध्ये तो मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून लागला, म्हणजे एक नोकरी पुरी करून पुन्हा सगळ्यात खालच्या पायरीवर उभा राहिला.

त्या रात्री त्यांच्या हातात फक्त लाठी होती. मुंबईवरच्या हल्ल्यातल्या दोघा दहशतवाद्यांची गाडी अडली, गोळीबार झाला, त्यांतला इस्माईल खान पडला. दुसऱ्या बाजूनं उतरलेल्या कसाबच्या रायफलची नळी ओंबळ्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. गोळ्या त्यांच्या अंगात गेल्या आणि तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडलं. तो जिवंत सापडला म्हणून खटला उभा राहिला, कट कुठं शिजला ते न्यायालयात सिद्ध झालं. 26 जानेवारी 2009 ला ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

आमचे आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, तेव्हा एका बँकेत बंदूकधारी पहारेकरी होते आणि निवृत्तीला आले होते. टीव्हीवर बातमी बघताना घरात कुणीतरी म्हणालं, हे असं फौजेतच शिकवत असणार. आप्पांनी मान हलवली. "नळी धरायचं कुठंच शिकवत न्हाईत. दोन्हीकडं उभं राह्यला शिकवतात. बाकीचं त्यातनं येतं."

आप्पांची एक गोष्ट आमच्या घरात प्रत्येक दिवाळीला व्हायची. ती जमालपूरची. आप्पा जंगी पलटणीतले, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. ही पलटण 1768 ची, मुंबईत उभी राहिलेली. डिसेंबर 1971 मध्ये ब्रह्मपुत्रा ओलांडून त्यांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवला. ठाण्यात पाकिस्तानची 31 बलुच. ब्रिगेडियर क्लेर यांनी सायकलवरून एका म्हाताऱ्याच्या हाती शरणागतीचं पत्र धाडलं. बलुचच्या कर्नलनं उत्तरात चिठ्ठीबरोबर बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. इथं आप्पा थांबायचे. आम्हा पोरांना पुढचं पाठ असायचं, तरी श्वास धरून बसायचो. मग 10 डिसेंबरची रात्र. अंधारात बलुची शिपाई कोंडी फोडायला म्हणून मराठ्यांच्या मोर्च्यांवर चालून आले आणि मशिनगनच्या पट्ट्यात सापडले. पहाटेपर्यंत ते चाललं. 11 तारखेला जमालपूर पडलं, 16 ला ढाका. आप्पा पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचे आणि गोष्ट संपायची.

गोष्ट संपायची तेव्हा आप्पा बावीस वर्षांचे असायचे. पुढचं सारं आयुष्य तिच्यात नव्हतं.

हे आमच्या घरापुरतं नाही. साताऱ्यातल्या कुठल्याही फौजी घरात बसा. कूट, इटली, पुंछ, जमालपूर, कारगिल अशी नावं निघतील. सांगणारा माणूस मात्र नोकरीतली निम्म्याहून जास्त वर्षं दुसऱ्याच गणवेशात काढून आलेला असतो. हिशेब सरळ आहे. जवान अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती होतो. किमान पंधरा वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसते. पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान तो पत्र्याची ट्रंक घेऊन घरी येतो. तेव्हा त्याची पोरं शाळेत असतात, आईबाप थकलेले असतात, आणि अंगातली ताकद मात्र पुरती शाबूत असते. मोठ्या अधिकाऱ्यांच्या निवृत्तीवर पुस्तकं निघतात. शिपाई, नायक, हवालदार निवृत्त होत नाहीत, ते नोकरी बदलतात. पोलीस, तुरुंग, वनखातं, रेल्वे, दारूगोळ्याचे डेपो, बँकेचं दार, कारखान्याचं फाटक. माझं म्हणणं एवढंच आहे की ही लढाईनंतरची शेपटी नव्हे. या देशाच्या रोजच्या सुरक्षेचा मोठा भार या दुसऱ्या नोकरीनं वाहिलेला आहे आणि आपण तो इतिहासात धरलेला नाही.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं सातारा-रत्नागिरीच्या गावागावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांतले इतके मेले. अपशिंगे मिलिटरी हे गाव तर या कारणानंच ओळखलं जातं. त्या युद्धात तिथले 46 जवान कामी आले. पाटी गेलेल्यांचा आकडा सांगते, मेलेल्यांचा सांगते. जे परत आले त्यांचं काय झालं, याला पाटीवर ओळ नाही. आमचे पणजोबा त्या न लिहिलेल्या ओळीतले. ते मेसोपोटेमियात होते. एप्रिल 1916 मध्ये कूटला इंग्रजांची फौज शरण गेली. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी त्यात होत्या. पणजोबा वेढ्याबाहेर, सोडवायला निघालेल्या फौजेच्या खेचरांबरोबर होते, असं आजी सांगायची. परत आल्यावर त्यांनी गिरणगावात एका गिरणीच्या फाटकावर पहारा केला, गावी फक्त शिमग्याला आणि पेरणीला यायचे. गिरणी कुठली, किती वर्षं, पगार काय, कुणाला माहीत नाही. कूटकडं निघालेल्या खेचरांची नावं मात्र आजीला पाठ होती.

म्हणून काही वर्षांपूर्वी मी आप्पांना बँकेबद्दल विचारायला बसले.

सुरुवातीला ते बोलेनात. "त्यात काय सांगायचं? दारात बसायचं." मग मी बंदुकीचं विचारलं आणि गाडी सुरू झाली. पलटणीत हातात 7.62 ची एसएलआर होती, मॅगझिनमध्ये वीस गोळ्या. बँकेत बारा बोअरची दुनळी. दोन काडतुसं आत, बाकीची कमरेच्या पट्ट्याला. "दोनच बार हायेत म्हटल्यावर माणूस डोळ्यानं जास्त काम करतो," आप्पा म्हणाले. त्यांचं काम खरंच डोळ्यांचं होतं. पाठ कधी दाराकडं करायची नाही. खुर्ची मिळाली तरी बसायची जागा अशी, की दार, कॅशियरचा पिंजरा आणि रस्त्याची पलीकडची कड एका नजरेत यावी. समोर एखादी मोटारसायकल इंजिन चालू ठेवून उभी असेल तर नंबर मनात टिपायचा. सकाळी तिजोरीची खोली दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांनी उघडायची. त्या वेळी खोलीकडं तोंड न करता पाठ करून उभं राहायचं, कारण धोका पैशाकडून येत नाही, पैशाकडं येतो. दुसऱ्या शाखेत रोकड न्यायची तर जीपचा रस्ता आणि वेळ रोज बदलायची. हे त्यांना बँकेनं शिकवलं नव्हतं. गस्तीवरून एकाच वाटेनं दोनदा परतायचं नाही, हे पलटणीतलं होतं.

आणि मग त्यांनी तो दिवस सांगितला. घरात आम्ही तो कधीच ऐकला नव्हता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तालुक्याच्या गावी अफवा उठली की बँक बुडाली. बाजाराचा दिवस. अकरा वाजेपर्यंत रस्ता भरला. उसाचं बिल, पोरीच्या लग्नाला ठेवलेले पैसे, म्हातारीनं जोडलेली पुंजी, सगळं आत. माणसं शटरला धडका द्यायला लागली. आतला एक अधिकारी घाबरून म्हणाला, बंदूक घेऊन बाहेर उभे राहा, जरा दाखवा. आप्पांनी दोन्ही काडतुसं काढली, बंदूक आत कुलपात ठेवली, किल्ली त्या अधिकाऱ्याच्या हातात दिली आणि रिकाम्या हातांनी शटरखालून बाहेर गेले.

मी विचारलं, का?

"पोरी, बंदूक दाखवायची चीज न्हाई. दाखवली की चालवायची तयारी पायजे. लढाईत समोरचा कोण ते ठाऊक असतं. हितं समोर गर्दी, आन् गर्दीत आपलाच मेव्हणा. शिवाय गर्दीनं ती हिसकली असती तर? मग चोराला न्हाई, मीच आणून दिली असं झालं असतं."

बाहेर जाऊन ते पायरीवर बसले. उभ्या माणसावर गर्दी चढते, बसलेल्यापुढं थांबते, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या माणसाला त्यांनी नावानं हाक मारली. दारात वर्षानुवर्षं उभं राहिल्यानं त्यांना निम्मा तालुका नावानिशी माहीत होता. म्हाताऱ्या बायका आधी, मग लेकुरवाळ्या, मग बाकीचे, अशी रांग त्यांनी लावली आणि रांगेच्या तोंडाशी जमालपूरला बरोबर असलेला, पेन्शनीत आलेला गावचाच एक हवालदार उभा केला. वीस-वीस माणसं आत सोडली. संध्याकाळी सहापर्यंत पैसे देणं चाललं. दुसऱ्या दिवशी निम्म्या लोकांनी पैसे परत आणून भरले.

जमालपूरच्या रात्री आप्पांच्या हातून किती माणसं मेली ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्या दुपारी त्यांच्या हातून एकही मेला नाही, हे मात्र ते दोनदा म्हणाले. मला वाटतं शिपायाच्या दुसऱ्या नोकरीत सगळ्यात अवघड काय असेल तर हे. पंधरा-सतरा वर्षं माणसाला ज्या कामासाठी घडवलं, ते काम न करण्यात आता त्याचं कसब. आणि ते न करणं भित्रेपणातून नव्हे. ज्यानं गोळी चालताना पाहिलेली नाही त्याला बंदुकीचा मोह लवकर पडतो. ज्यानं पाहिली आहे, तो हात आवरतो.

माझा चुलतभाऊ, आप्पांचा मधला, हाच रस्ता पोलिसात चालला. राज्यात गट क आणि गट ड च्या सरकारी भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, फौजेत काढलेली वर्षं अधिक तीन अशी वयात सवलत आहे. त्यातून दादा हवालदार म्हणून फौजेतून उतरला आणि जिल्हा पोलिसात शिपाई म्हणून चढला. प्रशिक्षणाच्या मैदानावर शेजारी एकोणीस वर्षांची पोरं. पळण्यात तो मागं पडला नाही. अडला तो वेगळ्याच ठिकाणी. फौजेत असताना एकदा त्यांची तुकडी दंगलीच्या गावात बोलावली होती. तिथं दंडाधिकाऱ्याची मागणी आल्याशिवाय हलायचं नाही, हे ठरलेलं. जमाव पांगवायचा अधिकार आधी मुलकी यंत्रणेचा, फौज शेवटी. 2024 पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 129 आधी आणि 130 मागून यायचं, त्याचा अर्थच तो. आता दादा स्वतःच ती मुलकी यंत्रणा झाला होता. "तिकडं हुकूम यायचा, मग पाऊल," तो सांगतो. "इथं साहेब येईपर्यंत रस्त्यावर मी एकटा. सासू-सुनेचं भांडण, बांधाचं भांडण, मिरवणुकीतलं भांडण. दोघंही आपलेच, दोघंही खरं बोलतोय म्हणणारे. आणि रात्री परत येऊन स्टेशन डायरीत सगळं लिहायचं. लिहिताना घाम फुटायचा." पंचनामा लिहायला तो एका जुन्या जमादारापाशी शिकला. फौजेतली शिस्त तिथं त्याला एका गोष्टीत उपयोगी पडली. घडलं तेवढंच लिहायचं, ऐकलेलं पाहिलं म्हणून लिहायचं नाही. रेकीचा अहवाल द्यायची सवय होती.

सगळ्यांना गणवेश बदलावा लागतो असं नाही. डिफेन्स सिक्युरिटी कोअर, आमच्याकडचे लोक डीएससी म्हणतात, ही माजी सैनिकांचीच फौज आहे. 25 फेब्रुवारी 1947 ला ती उभी राहिली, तिचं केंद्र आता केरळात कन्नूरला आहे. दारूगोळ्याचे डेपो, आयुध कारखाने, हवाईतळ यांच्या कुंपणावर तुम्हाला जो पांढऱ्या मिशांचा जवान दिसतो, तो बहुधा डीएससीचा. पुन्हा बराक, पुन्हा रात्री "थम! कौन आता है?" गावात याला कुणी मोठी नोकरी समजत नाही. 2 जानेवारी 2016 च्या पहाटे पठाणकोटच्या हवाईतळात अतिरेकी शिरले, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या समोर आलेल्यांत हेच लोक होते. डीएससीचे पाच जण त्यात गेले. शिपाई जगदीश चंद यांच्या हातात शस्त्र नव्हतं. त्यांनी एका अतिरेक्याचा पाठलाग करून त्याला धरलं, त्याचीच रायफल हिसकून त्याला मारलं आणि मग इतरांच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं. त्या पाचांतलेच मानद कॅप्टन फतेहसिंग राष्ट्रकुल नेमबाजी स्पर्धेतले पदकविजेते होते. दोघेही एकदा निवृत्त झालेले. गिरगावातले रिकामे हात आणि पठाणकोटचे रिकामे हात मला एकाच शाळेत शिकलेले वाटतात.

खासगी सुरक्षेचं जग मात्र कडू आहे, आणि ते लपवून हा लेख पुरा होणार नाही. कायदा माजी सैनिकाला मान देतो. 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायद्यात पर्यवेक्षक आणि रक्षक नेमताना फौजेतल्या अनुभवाला प्राधान्य आहे. नव्या रक्षकाला वर्गातलं 100 तासांचं आणि मैदानावरचं 60 तासांचं प्रशिक्षण, तर माजी सैनिकाला 40 आणि 16 तासांचं, म्हणजे बाकीचं त्याला येतं हे कायद्यानंच धरलेलं. महाराष्ट्रानं तर 1981 सालीच खासगी सुरक्षा रक्षकांसाठी वेगळा कायदा केला आणि सुरक्षा रक्षक मंडळं काढली, कारण मुंबईतल्या रक्षकांची पिळवणूक तेव्हाही उघड होती. पण कागद आणि फाटक यांत अंतर आहे. आमच्या शेजारचे एक सुभेदार निवृत्तीनंतर शहरातल्या एका मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकावर होते. बारा तासांची पाळी. बसायला स्टूल होतं, तेही काढून घेतलं, कारण रक्षक बसलेला बरा दिसत नाही. एक दिवस त्यांनी पाहुण्याची वहीत नोंद केल्याशिवाय गाडी आत सोडली नाही. नियम संकुलाचाच होता. गाडीवाल्यानं सगळ्यांसमोर त्यांना एकेरीत बोलून घेतलं आणि महिनाअखेर एजन्सीनं त्यांना दुसरीकडं हलवलं. सुभेदार आले तेव्हा आप्पांपाशी ओट्यावर बसले, रागानं नाही, विचारायला. "आपलं चुकलं का?" आप्पा म्हणाले, "गाडी आत सोडली असती तर चुकलं असतं."

ज्या माणसानं सीमेवर रात्र जागवली त्याला आपल्या फाटकावर ऊन लागू नये, पाणी मिळावं, आणि त्यानं ओळखपत्र मागितलं तर आपण ते मुकाट्यानं काढून द्यावं. एवढंही होत नाही, याची आपल्याला लाज वाटावी अशी स्थिती आहे आणि मला ती वाटते.

हा प्रश्न आता जास्त जवळ आलाय. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची भरती, पुढं 25 टक्क्यांपर्यंत जवान कायम होणार, बाकीचे विशी-पंचविशीत परत येणार, पेन्शनीशिवाय. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी 2022 मध्ये 10 टक्के जागा जाहीर झाल्या होत्या. आप्पांच्या पिढीला दुसरी नोकरी चाळिशीच्या आसपास लागायची, पोक्त वयात. या पोरांना ती तिथून सुरू करावी लागेल, जिथं आप्पांची जमालपूरची गोष्ट संपायची. माझा एक भाचा अग्निवीर म्हणून फौजेच्या बेळगावच्या केंद्रातून प्रशिक्षण घेऊन गेला. सुट्टीवर आला की तो आप्पांपाशी जमालपूर ऐकायला बसतो. मी त्याला बँकेचं विचार म्हणून मागं लागते.

गावच्या शाळेत आता फौजी लोकांची यादी करायचं चाललंय. गुरुजींनी रकाने आखले होते: नाव, पलटण, भरतीचं साल, निवृत्तीचं साल, पदकं. मी एक रकाना वाढवायला सांगितला, निवृत्तीनंतर काय केलं. सुरुवातीला दोघा-तिघांनी तो मोकळाच सोडला. मग एकानं लिहिलं, येरवडा कारागृह, रक्षक. दुसऱ्यानं लिहिलं, साखर कारखाना, मुख्य फाटक. डीएससी तर सातजण निघाले, त्यांतले दोघं एकाच डेपोत असून एकमेकांचं गाव त्यांना तिथंच कळलेलं. गिरणीवाल्यांच्या नातवंडांना विचारायचं राहिलंय. त्यांतली बरीच डोंबिवली-कल्याणकडं राहतात. आप्पांनी तिघांचे पत्ते दिलेत, आणि शिमग्याला त्यांतले कोण कोण गावी येणार ते दादा विचारून ठेवणार आहे.